जखमेचा कागद

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाची ओळख सातारकरांना करून द्यायला नको. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द आडनावासारखा कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ तेव्हाच्या सरकारने गावात स्मारक उभारले. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी अनेक वर्षे शाळेच्या मुलांना तिथे घेऊन जात असे. एकदा सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, जे परत आले त्यांचा दगड कुठे आहे?”

मी तिला काहीतरी उत्तर दिले असणार. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, कारण परत आलेला एक माणूस माझ्याच घरात होता. ते माझे धाकटे चुलते. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. वयाने माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठे, पण नात्याने काका, म्हणून मी त्यांना ‘अहो तात्या’ म्हणायचे आणि त्यांनी मला ‘आरं मास्तर’ म्हणायचे, असा आमचा व्यवहार.

तात्या १९८१ साली मराठा पलटणीत भरती झाले. १९८७ च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला आणि शांतिसेना तिकडे गेली. पुढे तात्यांची पलटणही गेली. मार्च १९९० मध्ये शांतिसेनेची शेवटची तुकडी परत आली, तोवर सुमारे बाराशे भारतीय जवान तिकडे कामी आले होते. तात्या त्याआधीच परतले होते. अंगावर ओरखडा नव्हता. आमच्या आजीने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि घर निश्चिंत झाले.

पुढच्या सुट्टीत आम्हाला वेगळे तात्या दिसू लागले. मळ्यात जाताना ते गाडीवाटेच्या मधून चालत नसत, बांधाच्या कडेने, नजर जमिनीवर ठेवून चालत. माझी लहान मुले बरोबर असली की त्यांना एका रांगेत लावत आणि दोन पोरांमध्ये दहा पावलांचे अंतर ठेवायला सांगत. पोरांना तो खेळ वाटायचा. बेंदराच्या मिरवणुकीत कुणी आपटीबार फोडला, तर तात्या गोठ्यातल्या गव्हाणीखाली सापडत. रात्री झोप नसे. १९९० च्या अखेरीस पलटणीने त्यांना वैद्यकीय कारणावरून घरी पाठवले. नोकरीची नऊ वर्षे झाली होती. एकरकमी थोडे पैसे हातात आले, दरमहाचे पेन्शन नाही.

का नाही, ते त्यांच्या वैद्यकीय मंडळाच्या कागदावर लिहिले होते. फौजी भाषेत त्याला ‘नाना’ म्हणतात. इंग्रजीतल्या एका लांबलचक वाक्याची ती आद्याक्षरे आहेत. अर्थ असा की, हा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारणाच्या रकान्यात ‘कॉन्स्टिट्यूशनल’ असा शब्द होता, म्हणजे माणसाच्या मूळ प्रकृतीतलाच दोष. गावातल्या एका पुढाऱ्याने त्याचे भाषांतर ‘घटनात्मक’ असे करून सांगितले. तात्या म्हणाले, “माझ्या झोपंचा आन् बाबासाहेबांच्या घटनेचा काय संबंध?” सगळे हसले. तात्याही हसले. पण तो कागद त्यांनी ट्रंकेच्या तळाशी घातला आणि पुढची वीस वर्षे वर काढला नाही.

तात्यांना जो प्रश्न विचारला गेला, तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स या डॉक्टरने तीन सैनिकांची हकिकत छापली. तोफगोळा जवळ फुटला, शरीराला मोठी जखम नाही, पण कुणाची दृष्टी अधू झाली, कुणाची स्मृती गेली. मायर्सने ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला आणि तो जगभर झाला. त्याबरोबर सरकारपुढे हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. गोळी लागलेल्याची जखम दिसते, मोजता येते. मनाच्या जखमेला मोजपट्टी कोणती लावायची?

ब्रिटिश सैन्याने आधी या रुग्णांची दोन गटांत वाटणी केली. शत्रूच्या माऱ्यामुळे झाले असेल तर तो ‘जखमी’, नाहीतर नुसता ‘आजारी’. जखमी ठरला तर बाहीवर सोनेरी पट्टी आणि पेन्शनचा दावा. आजारी ठरला तर दोन्ही नाही. जून १९१७ मध्ये त्याहून कडक हुकूम निघाला. रुग्णाच्या कागदावर ‘शेल शॉक’ हा शब्द डॉक्टरने लिहायचाच नाही. आधी ‘निदान व्हायचे आहे, मज्जासंस्थेचा रुग्ण’ एवढेच लिहायचे, एक फॉर्म भरून त्या शिपायाच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचा, आणि हा माणूस खरोखर असाधारण माऱ्यात सापडला होता का, हे त्या अधिकाऱ्याने लिहून द्यायचे. मगच पुढचे निदान. आता आघाडीवरच्या पलटणीत अधिकारी किती दिवस टिकत होते? ज्याने ती घटना पाहिली तो पुष्कळदा मेलेला किंवा दुसऱ्या रुग्णालयात पडलेला असे. शिपायाची साक्ष त्याच्या तोंडात होती आणि तिला किंमत नव्हती.

याच युद्धात भित्रेपणा, पलायन अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश आणि वसाहतींच्या सैन्यातल्या ३०६ जणांना त्यांच्याच बाजूच्या बंदुकांनी गोळ्या घालण्यात आल्या. त्यातले काही आज ज्याला आपण मनाचा आजार म्हणू त्याने पछाडलेले होते. त्यांना माफी मिळाली २००६ साली.

आपल्या हिंदी शिपायांवर तर उलटाच संशय होता. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये हाताला जखमा झालेल्या हिंदी शिपायांची संख्या पाहून, हे लोक घरी जाण्यासाठी स्वतःच गोळी मारून घेतात, असा बोभाटा झाला. ब्रायटनमधल्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी एक हजार जखमांची तपासणी करून अहवाल लिहिला. तो सर्वसाधारण आरोप त्यांना खरा आढळला नाही. जखम समोर दिसत असताना एवढे सिद्ध करावे लागले, तर न दिसणाऱ्या जखमेचे काय झाले असेल, याची कल्पना करावी.

आपल्या भागातले शिपाई मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढले. तिथल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा गावात या फौजेला तुर्कांनी वेढले. २९ एप्रिल १९१६ रोजी ती उपासमारीने शरण आली. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आणि धर्म बुडेल, घरी गेल्यावर पंगतीला कोण बसवील, या भीतीने पुष्कळ हिंदी शिपाई फार उशिरापर्यंत त्या मांसाला शिवले नाहीत. शरणागतीनंतर वाळवंटातली पायपीट आणि कैद. त्यातून वाचून जे आपल्या गावांत परत आले, त्यांच्या झोपेची नोंद कोणी ठेवली? आपल्याकडे अशा माणसाबद्दल म्हणायची रीत ठरलेली आहे. ‘लढाईवरून आल्यापासून जरा वेगळाच वागतो,’ ‘बाहेरचं लागलंय.’ मग देवऋषी, अंगारा, उतारा. कुटुंबाने सांभाळले, पण आजाराला नाव मिळाले नाही आणि कागदही झाला नाही.

गंमत अशी, की या आजाराचे इंग्रजीतले एक बोली नाव आपल्याच महाराष्ट्रातून गेले. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत पडून राहत. कंटाळा, उष्मा, हिवताप आणि दारू यांनी काहींचे डोके फिरे. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. देवळालीचे ‘डूलाली’ झाले आणि ‘टॅप’ म्हणजे आपला साधा ‘ताप’. आजही इंग्रज माणूस वेडसर वागणाऱ्याला ‘डूलाली’ म्हणतो. त्याला त्या गावाचे नावही ठाऊक नसते.

आज वापरतो ते शास्त्रीय नाव त्यानंतर पुष्कळ उशिरा आले. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी आग्रह धरला, तेव्हा १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तकात ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हा विकार घातला. थोडक्यात पीटीएसडी. या निदानाची पहिली अट अशी, की आधी एखादा भयंकर आघात घडलेला असला पाहिजे. बहुतेक मानसिक आजारांत ‘काय होते’ हे विचारतात. इथे ‘काय झाले होते’ हेही विचारावे लागते. म्हणजे डॉक्टरला थोडे इतिहासकार व्हावे लागते.

अमेरिकेत शौर्याचे किंवा जखमेचे पदक असलेल्याची अडचण नव्हती, त्याचा शब्द मानला जाई. पण ट्रकचा ड्रायव्हर, स्वयंपाकी, प्रेते उचलणारा यांना, तो प्रसंग घडल्याचा दुसरा पुरावा आणावा लागे. जुन्या सैनिकांचे आणखी एक दुर्दैव. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस शहरातल्या सरकारी दफ्तरखान्याला आग लागली आणि एक कोटी साठ लाखांहून अधिक सैनिकांच्या फायली जळाल्या. अखेर जुलै २०१० मध्ये तिथला नियम सैल झाला. सैनिक ज्या जागी आणि ज्या परिस्थितीत होता तिच्याशी त्याचे सांगणे जुळत असेल आणि सरकारी मानसोपचारतज्ज्ञाने दुजोरा दिला, तर त्याची स्वतःची साक्ष पुरेशी मानायची.

आता आपल्याकडचे पाहू. ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटेल, पण कागदावर आपला नियम जुन्या अमेरिकन नियमापेक्षा उदार होता आणि तो १९८२ सालचा आहे. सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या त्या नियमांत म्हटले होते की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असे गृहीत धरावे. नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे मानावे. सिद्ध करण्याचा बोजा दावेदारावर टाकू नये. रास्त शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यावा, आणि आघाडीवर सेवा केलेल्याला तो अधिक सढळपणे द्यावा. आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला आणि अपंगत्व वीस टक्के किंवा जास्त ठरले, की दरमहाचे पेन्शन. नोकरी नऊ वर्षांची असली तरी.

मग तात्यांचे काय चुकले? त्यांचे चुकले एवढेच, की ते उशिरा आजारी पडले.

हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. जवानाला गोळी लागली, पाय मोडला, तर इजेचा एक ठरावीक अहवाल भरला जातो. तारीख, जागा, ड्यूटीवर होता की नव्हता, सगळे त्यात येते. मनाच्या रुग्णासाठी वेगळा फॉर्म आहे. तो कमांडिंग ऑफिसरने भरायचा असतो. याचे वागणे कसे होते, कामाचा विशेष ताण होता का, वगैरे. १९१७ चा प्रश्न इथे पुन्हा भेटतो. तात्यांचा आजार उघड झाला तेव्हा पलटण लढाईवरून परतून शांततेच्या ठाण्यावर आली होती. अधिकारी बदललेले होते. नव्या साहेबांनी जे दिसत होते तेच प्रामाणिकपणे लिहिले. ‘शांत ठाणे, विशेष ताण नाही.’ वैद्यकीय मंडळाने त्यावरून निष्कर्ष काढला, आजार शांत ठिकाणी सुरू झाला, सबब सेवेशी संबंध नाही. कुणी खोटे लिहिले नाही. तरीही जे घडले होते ते कागदावर कुठेच नव्हते.

२०११ साली आमच्या वडिलांच्या तेराव्याला तात्यांनी ती ट्रंक उघडली आणि तो कागद माझ्यापुढे टाकला. म्हणाले, “तू इतिहासाचा मास्तर न्हवं? शिवाजी महाराज कुठल्या दिवशी कुठं हुते ते सांगतोस. मग मी कुठं हुतो ते शोधून दाव.”

मी कामाला लागलो. पहिला कागद डिस्चार्ज बुक. त्यात कोणत्या साली कोणत्या भागात सेवा, एवढे होते. दुसरा, माहितीच्या अधिकाराखाली मागवलेली वैद्यकीय मंडळाची प्रत. २००५ चा तो कायदा नसता तर ती हाती आली असती असे वाटत नाही. तिसरा पुरावा आमच्याच घरात होता. वडिलांनी तात्यांची सगळी आंतर्देशीय पत्रे तारेला टोचून ठेवली होती. फौजी टपालाचे शिक्के, तारखा. पत्रांत लढाईचे अक्षर नाही. ‘शेंगा काढल्या का, म्हैस व्याली का, आईचे गुडघे कसे आहेत.’ ऑक्टोबर १९८८ च्या एका पत्रातही शेंगांचीच चौकशी, पण अक्षर दुसऱ्याचे. खाली एक ओळ, ‘हाताला जरा बरे नाही म्हणून मित्राकडून लिहून घेतले आहे.’

“हाताला काय झालं होतं, तात्या?” मी विचारले.

“काय न्हाई. थरथरत हुता.”

त्या दिवशी तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सांगितले, तेही चार वाक्यांत. पहाटे रस्ता मोकळा करायला गस्त निघाली होती. माणसे एकामागे एक, दहा पावलांच्या अंतराने. पुढच्याचा पाय सुरुंगावर पडला. तो सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, भरतीपासूनचा जोडीदार. त्याचे जे काही गोळा करायचे ते तात्यांनी स्वतःच्या घोंगडीत गोळा केले. मला माझ्या पोरांचा तो खेळ आठवला.

पण आमच्या हाती एवढे सांगणेच होते. त्या घटनेची तारीख आणि जागा सांगणारा कागद हवा होता. तो एकाच ठिकाणी असणार हे माझ्या लक्षात आले. रहिमतपूर, पुसेसावळी करत मी विट्याला आणि तिथून त्या गावी गेलो. घरी त्या जवानाची आई होती. ऐंशीच्या घरातली, पण ताठ. मी काय मागायला आलो आहे हे सांगताना माझी जीभ जड झाली. माझ्या चुलत्याचे दुखणे सिद्ध करायला तुमच्या मुलाच्या मरणाचा कागद द्या, असेच त्याचे सरळ मराठी होते.

त्यांनी देवघरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पत्र्याची पेटी आणली. तार होती. कमांडिंग ऑफिसरचे सांत्वनाचे पत्र होते, त्यात तारीख, ठिकाण आणि गस्तीचा उल्लेख. मी ते वाचत असताना त्यांनी एकच विचारले, “तुमचं काका त्याच्या संगं हुतं?”

“होय, मावशी. मागेच होते.”

“मग आजवर आलं कसं न्हाईत?”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पत्राची झेरॉक्स काढून मूळ पत्र परत करताना त्या म्हणाल्या, “कागद न्या. पर त्येंना एकदा धाडा.”

तात्यांना तयार करायला दोन महिने गेले. ज्या दिवशी आम्ही गेलो, त्या दिवशी ते एसटीत एक शब्द बोलले नाहीत. घरात शिरल्यावर म्हातारीने मला चहा दिला आणि म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही जरा भाईर बसा.” मी अंगणात दीड तास बसलो. आत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही आणि तात्यांनी सांगितले नाही. परतताना त्यांच्या हातात हुरड्याची पिशवी होती.

कायद्याच्या बाजूने नशीब २०१३ साली उघडले. त्या वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्याचा निकाल दिला. हे सिग्नल्सचे शिपाई, १९८५ साली भरती, झटक्यांच्या आजारामुळे १९९४ साली घरी पाठवलेले. त्यांचीही नोकरी नऊच वर्षांची. न्यायालयाने सांगितले की, १९८२ चे नियम जसे लिहिले आहेत तसे पाळा. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर गृहीतक सैनिकाच्या बाजूचे, आणि ते उलटवायचे असेल तर वैद्यकीय मंडळाने कारणे दिली पाहिजेत. लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका आहे, तिच्या २००८ च्या आवृत्तीतही मानसिक आजारांबाबत स्पष्ट यादी आहे. लढाईचा किंवा बंडखोरीविरोधी कारवाईचा प्रदेश, अतिउंचावरची सेवा, अगदी एकाकी चौकी, जीवितहानी झालेला वाहन अपघात, भूकंपासारख्या आपत्तीत प्रेतांच्या सान्निध्यात केलेले काम, अशा परिस्थितीत आजार झाला तर तो सेवेमुळे झाला असे मानावे. वडील वारले आणि एकुलत्या एक मुलाला कामाच्या निकडीमुळे रजा नाकारली, त्यानंतर तीन महिन्यांत मन बिघडले, तर तेही सेवेने वाढलेले दुखणे मानावे, इतक्या बारकाईने लिहिले आहे.

आम्ही २०१४ साली सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. २००७ च्या कायद्याने ही न्यायाधिकरणे झाली, त्यांचे एक पीठ मुंबईला आहे. शेंगांची चौकशी करणारे ते परक्या अक्षरातले पत्र आमच्या वकिलांनी सगळ्यात वर लावले. दोन वर्षांनी नव्याने वैद्यकीय तपासणी झाली आणि कागदावरचा ‘नाना’ गेला. अपंगत्व चाळीस टक्के धरले, नियमाप्रमाणे ते पन्नास झाले. थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळाली, कारण उशिरा आलेल्या पेन्शनच्या दाव्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच तशी मर्यादा घातली आहे. आधीच्या वीस वर्षांत काकूंनी दुसऱ्यांच्या शेतात खुरपून जे घर चालवले, त्याचा हिशेब कुठल्याच कागदावर आला नाही.

प्रत्येकाचा निकाल असाच लागतो असे कुणी समजू नये. २०१९ साली नरसिंग यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की, काही मानसिक आजार भरतीच्या वेळच्या तपासणीत दिसत नाहीत. केवळ तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावरून तो सेवेमुळेच झाला असे आपोआप धरता येणार नाही, तज्ज्ञांच्या मताला मान दिला पाहिजे. त्यातही तथ्य आहे. पुन्हा २०२५ च्या मे महिन्यात राजूमोन यांच्या प्रकरणात न्यायालयाने बजावले की, वैद्यकीय मंडळाला कारणे द्यावीच लागतील. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना तर नवेच नियम लागू झाले आहेत. म्हणून ज्याचे प्रकरण असेल त्याने आपल्या निवृत्तीच्या तारखेला कोणता नियम लागू होता, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

सातारा-सांगलीकडच्या घरांना माझे सांगणे साधे आहे. फौजेतून आलेली ट्रंक भंगारवाल्याला देऊ नका. पत्रे जाळू नका, पाकिटेसुद्धा ठेवा, कारण तारखेचा शिक्का पाकिटावर असतो. डिस्चार्ज बुकाच्या दोन प्रती काढा. बरोबरच्या दोघा-तिघांची नावे-गावे एका वहीत लिहून ठेवा, आणि ती माणसे आहेत तोवर त्यांना भेटा. घरी आलेला जवान झोपत नसेल, दचकत असेल, दारूला लागला असेल, तर अंगाऱ्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या आणि तिथला कागद जपून ठेवा. ‘बरा होईल’ म्हणून गेलेली वर्षे पुढे थकबाकीतही परत मिळत नाहीत.

पेन्शनचे पहिले पुस्तक आले तेव्हा तात्यांनी ते उघडून पाहिले नाही, काकूंच्या हातात दिले. न्यायाधिकरणाचा निकाल मात्र त्यांनी माझ्याकडून दोनदा मराठीत वाचून घेतला. त्यात एका परिच्छेदात त्या ऑक्टोबरमधल्या गस्तीची तारीख आणि त्या जोडीदाराचा उल्लेख होता. त्या पानाची एक झेरॉक्स काढून ते एकटेच विट्याच्या एसटीत बसले. म्हातारीच्या पत्र्याच्या पेटीत आता तीन कागद आहेत.